ऑनलाइन पोकर: हरलेला डाव वाचायचा कसा?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

ऑनलाइन पोकरमध्ये हरलेल्या डावांतून शिकावे असे प्रत्येक जण सांगतो. हरलेला डाव वाचायचा कसा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या गटात होटगी रस्त्यापासून अक्कलकोट रस्त्यापर्यंतचे लोक आहेत. काही यंत्रमागाच्या घरांतले आहेत, काही अभियांत्रिकी शिकून पुण्यात नोकरी करतात आणि सुटीला घरी येतात. खेळ संपल्यावर यांतील बहुतेक जण सर्वांत मोठा हरलेला डाव उघडतात, समोरच्याची पाने पाहतात आणि ‘येथे फोल्ड करायला (पाने टाकून डाव सोडायला) हवे होते’ असे म्हणून तो बंद करतात. माझ्या मते हा अभ्यास नव्हे. समोरची पाने उघडी पडल्यावर बरोबर उत्तर कोणीही देऊ शकतो, आणि खेळताना ती पाने कधीच उघडी नसतात.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याविषयी स्पष्ट लिहितो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यानुसार पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ पुरवण्यास बंदी आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. पुरवठादाराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे या धाग्यावर फक्त विनामूल्य चिप्सच्या खेळाची आणि आधीच्या काळात साठवून ठेवलेल्या डावांच्या नोंदींची चर्चा करावी. परदेशी संकेतस्थळांवर पैसे कसे लावावेत, यासंबंधी कृपया काहीही लिहू नये.

आता मुद्द्याकडे येतो. बहुतेक संकेतस्थळे प्रत्येक डावाची लेखी नोंद देतात, जिला आपण हॅन्ड हिस्ट्री म्हणतो. कोण कोणत्या जागेवर होते, कोणाकडे किती चिप्स होत्या, कोणी कधी किती लावले, हे सर्व तिच्यात क्रमाने असते. माझी सूचना अशी आहे की अभ्यासाला घेतलेल्या डावाच्या नोंदीतून शेवटचा भाग, म्हणजे पाने उघड झाली तो भाग, आधी काढून टाकावा. मग फ्लॉप (टेबलावर उघडली जाणारी पहिली तीन सामाईक पाने), टर्न (चौथे पान) आणि रिव्हर (पाचवे पान) या प्रत्येक टप्प्यावर थांबून पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) किती होता, पुढे जाण्याची किंमत किती होती आणि समोरच्याकडे त्या क्षणी कोणकोणत्या पानांच्या जोड्या (हातातली दोन झाकलेली पाने) संभवत होत्या, हे कागदावर लिहावे. निकाल सर्वांत शेवटी पाहावा. अनेकदा तो पाहण्याची गरजही उरत नाही.

हा आग्रह धरण्याचे कारण असे की हरलेल्या डावांपैकी पुष्कळ डावांत शिकण्यासारखे काहीच नसते. एक्क्यांची जोडी घेऊन तुम्ही फ्लॉपच्या आधीच ऑल-इन गेलात (सर्व चिप्स लावल्यात) आणि समोर बादशहांची जोडी निघाली, तर जिंकण्याची शक्यता साधारण ८२ टक्के असते. उरलेल्या १८ टक्क्यांत तुम्ही हराल, म्हणजे अशा साडेपाच डावांपैकी एक जाईल. त्या डावावर अर्धा तास घालवणारा मनुष्य हळूहळू एक्के घाबरत खेळू लागतो, आणि ते नुकसान त्या एका हरण्यापेक्षा मोठे असते.

डाव निवडतानाही तोट्याच्या आकाराकडे पाहू नये, असे मला वाटते. स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड या दोन जागांवरून चांगले खेळाडूसुद्धा एकंदरीत हरतात. तेथे पाने पाहण्यापूर्वीच चिप्स लावाव्या लागतात (त्या रकमांनाही हीच नावे आहेत), शिवाय स्मॉल ब्लाइंडला फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी सर्वांआधी बोलावे, म्हणजे आपला निर्णय सांगावा लागतो. बिग ब्लाइंडवरून दर वेळी फोल्ड केले तर शंभर डावांमागे शंभर बिग ब्लाइंड जातात. चांगला खेळाडू तोच तोटा बराच कमी करतो. अशा लहान लहान तोट्यांचा डाव कोणीही पुन्हा उघडून पाहत नाही, आणि खेळातील खरी गळती बहुधा तेथेच असते.

ज्यांना एखादा डाव तपासून हवा असेल त्यांनी येथे द्यावा, मात्र समोरची पाने पहिल्या प्रतिसादात लिहू नयेत.

विडी_घरकुल

नमस्कार दादा. विनामूल्य चिप्सच्या टेबलावरचा एक डाव देतो, जो कित्येक दिवस डोक्यातून गेलेला नाही. ब्लाइंड ५० आणि १००, दोघांकडेही सुमारे १०,००० चिप्स. मी बटणावर (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवर), माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. मी २५० केले, स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केले, बिग ब्लाइंडने कॉल केला (तेवढीच रक्कम लावली). पॉट ५५०.

फ्लॉपवर बदामची राणी, बदामची अठ्ठी आणि किलवरची चौकी. त्याने चेक केले (काही न लावता बोलणे माझ्याकडे सोपवले), मी ३५० लावले, त्याने कॉल केला, पॉट १२५०. टर्नवर इस्पिकची दुर्री. पुन्हा त्याचा चेक, माझे ८५०, त्याचा कॉल; पॉट २९५०. रिव्हरवर बदामची सत्ती आली आणि आतापर्यंत चेक करणाऱ्या त्याने एकदम २२०० लावले. मी कॉल केला आणि हरलो. पाने सांगत नाही, पण ती काय असतील हे सर्वांना कळलेच असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की टर्नवर मी पुरेशी किंमत लावली होती, त्याने चुकीचा कॉल केला आणि शेवटच्या पानाने त्याला वाचवले. यात माझे काय चुकले?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

डाव व्यवस्थित मांडल्याबद्दल आभार. टर्नपर्यंत तुमचे काहीही चुकलेले नाही, आणि ते आकड्यांनीच दाखवता येते. समोरच्याकडे दोन बदाम आहेत असे धरू. त्याला न दिसलेली पाने ४६ आणि त्यांत बदाम ९, म्हणजे रिव्हरवर फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) होण्याची शक्यता १९.६ टक्के. तुमच्या ८५० ला कॉल केल्यावर पॉट २९५० होतो, म्हणून कॉल बरोबर ठरण्यासाठी त्याला २८.८ टक्के शक्यता हवी होती. केवळ पॉटच्या हिशेबाने त्याचा कॉल चुकीचा होता, हे तुमचे म्हणणे मान्य आहे.

पण हिशेब येथे संपत नाही. बदाम आल्यास तुमच्याकडून आणखी काही चिप्स मिळतील, या अपेक्षेवर तो कॉल करत होता. ४६ पैकी ३७ वेळा तो ८५० गमावतो. ९ वेळा तो आधीच्या पॉटचे १२५०, तुमचे ८५० आणि रिव्हरवर मिळेल ते, एवढे कमावतो. दोन्ही बाजू समान होण्यासाठी रिव्हरवर त्याला सरासरी सुमारे १४०० चिप्स जास्तीच्या मिळायला हव्या होत्या. तुम्ही २२०० दिल्यात. म्हणजे टर्नवरचा त्याचा कॉल नशिबाने नव्हे, तर रिव्हरवरच्या तुमच्या कॉलने फायद्याचा झाला. डाव वाचण्याची जागा ती आहे.

आता रिव्हरवर थांबू. २२०० देऊन एकूण ७३५० च्या पॉटसाठी तुम्ही लढत होता, म्हणजे तुमची राण्यांची जोडी साधारण ३० टक्के वेळा तरी सरस निघायला हवी होती. बिग ब्लाइंडवरून कॉल करून येथवर येतील अशा बदामच्या जोड्या मोजू. एक्क्याबरोबर गुलाम, दश्शी, नव्वी, छक्की, पंजी, चौकी, तिर्री, दुर्री या आठ; बादशहाबरोबर गुलाम, दश्शी, नव्वी या तीन; गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी या तीन; छक्की-पंजी आणि पंजी-चौकी या दोन. एकूण सोळा. एक्का-बादशहा घेऊन त्याने फ्लॉपआधीच रेज केला असता (रक्कम वाढवली असती), म्हणून ती जोडी धरलेली नाही. सोळा फ्लशच्या समोर तुमचा कॉल तोट्यात जाऊ नये म्हणून त्याच्याकडे किमान सात जोड्या ब्लफच्या (कमकुवत पानांवर फसवण्यासाठी लावलेल्या) असायला हव्यात.

त्या सात कोठून आणायच्या? या फ्लॉपवर ड्रॉ (आणखी एक पान आले की पुरा होणारा हात) म्हणण्यासारखे जे काही होते, ते जवळजवळ सगळे बदामचेच होते आणि बदाम आला. बदामखेरीज गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी किंवा दश्शी-नव्वी यांना स्ट्रेटसाठी (ओळीने पाच पानांसाठी) एकाच दर्जाचे पान हवे होते, म्हणजे टर्नवर फक्त चार पाने, ८.७ टक्के. एवढ्याशा शक्यतेवर २८.८ टक्क्यांची किंमत फारच थोडे लोक देतात. फसलेला ड्रॉ उरलेलाच नव्हता, मग ब्लफ कोणी करायचा? म्हणून रिव्हरवर फोल्ड, आणि हे समोरची पाने न पाहताही सांगता येते.

एक बारकावा मुद्दाम नोंदवतो. तुमचा एक्का इस्पिकचा होता. तो बदामचा असता तर वरच्या सोळापैकी आठ जोड्या शक्यच राहिल्या नसत्या, आणि मग साडेतीन-चार ब्लफसुद्धा पुरले असते. एकाच पानाच्या रंगामुळे त्याच किमतीचा निर्णय बदलण्याच्या सीमेवर येतो.

हातमाग

हा हिशेब वाचून फार बरे वाटले. आमच्या घरी टॉवेल आणि चादरींचे माग आहेत. कापडात दोष दिसला की नवीन कारागीर दोष दिसला तेथेच बोट ठेवतो; जुना जॉबर मागे सरकून ताणा, खळ आणि तुटलेला धागा शोधतो. येथे मात्र दिशा उलटी झाली: विडी_घरकुल मागे जाऊन टर्नवर दोष शोधत होते आणि तो पुढे रिव्हरवर निघाला. माझा प्रश्न असा की टर्नवर ८५० ऐवजी पॉटएवढे म्हणजे १२५० लावले असते तर ते अधिक योग्य ठरले असते का?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

पॉटएवढे लावल्यास त्याला ३३.३ टक्के शक्यता लागली असती, म्हणजे ड्रॉ घेऊन केलेला कॉल अधिक महाग पडला असता. पण तुमच्यापेक्षा कमकुवत राण्या, म्हणजे राणी-गुलाम किंवा राणी-दश्शी, या किमतीला निघून जाण्याची शक्यता वाढते, आणि त्यांच्याकडूनच तर आपल्याला घ्यायचे असते. दोन्ही रकमा समर्थनीय आहेत. रकमेपेक्षा रिव्हरचा निर्णय कितीतरी मोठा होता.

सांख्यिकी_शिक्षक

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि या विषयात मला मनापासून रस आहे, म्हणून एक पुरवणी जोडतो. वरचा डाव ज्या पद्धतीने वाचला ती योग्य आहे. परंतु ‘मी एकंदरीत हरतो आहे, म्हणून वाईट खेळतो आहे’ हे अनुमान विद्यार्थी ज्या सहजतेने काढतात, ते थांबवणे तितकेच आवश्यक आहे.

नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे वर चर्चिलेल्या प्रकारच्या पोकरमध्ये, निकालांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) शंभर डावांमागे साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असते. हिशेबासाठी ९० धरू. एखादा खरोखर चांगला खेळाडू शंभर डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड जिंकतो, असे समजू. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड, पण विचलन ९००. म्हणजे असे शंभर चांगले खेळाडू घेतले तर त्यांतील सुमारे २९ जण दहा हजार डाव खेळूनही तोट्यात असतील. एक लाख डावांनंतर अपेक्षा ५००० आणि विचलन सुमारे २८५० होते. तेव्हाही शंभरातील चार जण तोट्यात राहतात. आणि आपण एका संध्याकाळच्या निकालावरून स्वतःला दोष देतो किंवा शाबासकी देतो!

संशोधकांनाही ही अडचण टळलेली नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लिब्रॅटस हा संगणकीय कार्यक्रम जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध १,२०,००० डाव खेळला. नशिबाचा वाटा कमी करण्यासाठी तेथे जोडीने डाव वाटले गेले: एका टेबलावर माणसाला जी पाने आली, तीच दुसऱ्या टेबलावर संगणकाला. त्यामुळे चांगली पाने कोणाला आली हा प्रश्न पुष्कळसा बाजूला पडला आणि निर्णयांची तुलना करता आली. घरी बसून आपल्याला हे करता येत नाही. म्हणूनच निकाल झाकून डाव वाचण्याची धागाकर्त्यांची सूचना मला महत्त्वाची वाटते.

तिला मी एवढेच जोडेन की जिंकलेले डावसुद्धा तसेच झाकून वाचावेत. चुकीचा कॉल करून जिंकलेला डाव कोणीच तपासत नाही, आणि वर ज्याने टर्नवर कॉल केला तो खेळाडू आज कोठेतरी स्वतःला हुशार समजत असेल.

पार्क_चौक

सर, आकडे पटले. माझी शंका वेगळी आहे. विनामूल्य चिप्सच्या टेबलावर लोक काहीही घेऊन कॉल करतात, कारण गमावण्यासारखे काही नसते. मग धागाकर्त्यांनी मोजलेल्या सोळा जोड्यांना काय अर्थ उरतो? समोरचा किलवरची नव्वी आणि चौकटची तिर्री घेऊनही रिव्हरपर्यंत येऊ शकतो. अशा डावांतून शिकलेले पुढे मित्रांच्या टेबलावर उपयोगी पडेल का?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

शंका रास्त आहे. किमतीचा हिशेब, बाकी पानांची मोजणी आणि शक्यता कोठेही सारख्याच राहतात. ४६ पानांत ९ बदाम असतील तर ते चिप्स विनामूल्य असल्याने वाढत नाहीत. बदलतो तो समोरच्याचा अंदाज. विनामूल्य टेबलावर लोक कॉल फार करतात, पण मोठी रक्कम स्वतःहून लावताना बहुतेकांच्या हातात खरोखर काहीतरी असते. त्यामुळे तेथे ब्लफ कमी करावा आणि चांगल्या पानांवर अधिक लावावे. विडी_घरकुल यांच्या डावात तर हे फोल्डच्याच बाजूने जाते: दोनदा चेक करून फ्लश पुरा होताच २२०० लावणारा खेळाडू अशा टेबलावर क्वचितच रिकामा असतो. परंतु अशा टेबलावर ‘लोक कसे खेळतात’ याविषयी जे शिकाल, ते दुसऱ्या टेबलावर जसेच्या तसे नेऊ नये, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

कंबर_तलाव

मी पोकर खेळत नाही, पण धागा पूर्ण वाचला आणि काही लिहावेसे वाटले. नातेवाइकांच्या एका घरात ऑनलाइन पैशाच्या खेळाने काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. तेथेही रोज रात्री ‘आज कोठे चुकले ते मला कळले आहे’ हेच वाक्य ऐकू येत असे, आणि त्या वाक्याच्या आधारावर दुसऱ्या दिवशी आणखी पैसे लावले जात. हरण्यातून शिकणे आणि हरलेले परत मिळवण्यासाठी कारण शोधणे, यांत बाहेरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. आपण सर्व जण विनामूल्य चिप्सवर खेळता हे वाचून समाधान वाटले. तरीही विचारते की हा फरक खेळणाऱ्याला स्वतःला तरी कसा ओळखता यावा?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

ताई, हा प्रश्न या धाग्यावर यायलाच हवा होता, आणि तुम्ही तो इतक्या सरळपणे विचारलात याबद्दल मी आभारी आहे. मी माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर देतो, पण ते पुरेसे आहे असा दावा करत नाही.

जो अभ्यास करतो त्याचे उत्तर पुष्कळदा ‘येथे काहीच चुकले नव्हते’ किंवा ‘या जागी खेळायलाच नको होते’ असे येते. जो परत मिळवू पाहतो त्याला प्रत्येक हरलेल्या डावात एक नवी युक्ती सापडते, आणि ती युक्ती दर वेळी आणखी खेळायलाच सांगते. दुसरी खूण वेळेची. हरल्यानंतर मन बिघडते, ज्याला खेळाडू टिल्ट म्हणतात. त्या अवस्थेत नोंद उघडणे म्हणजे अभ्यास नव्हे. आमच्या गटात डाव दुसऱ्या दिवशी, तेही दुसऱ्याने वाचायचा, असा नियम आहे. आणि जेथे घरातील पैसा जात आहे, कर्ज होत आहे, खोटे बोलले जात आहे, तेथे डावाच्या नोंदी तपासण्याचा सल्ला मी कदापि देणार नाही. तेथे खेळ बंद करणे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हेच योग्य. केंद्र शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, ती त्या घरापर्यंत पोहोचवता आली तर अवश्य पोहोचवा.

कंबर_तलाव

क्रमांक पुढे देते. दुसऱ्याने वाचायचा हा नियम मला विशेष योग्य वाटला, कारण त्या घरात सर्व काही एकट्याने आणि दार लावून चालत असे.

विडी_घरकुल

दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे शेवट काढून टाकून तोच डाव पुण्यातल्या चुलतभावाला आणि इथल्या एका मित्राला पाठवला. दोघांनी एकमेकांशी न बोलता रिव्हरवर फोल्ड लिहून पाठवले. भावाने जोड्या मोजल्या होत्या. मित्राने फक्त एवढेच लिहिले की दोनदा गप्प बसलेला मनुष्य तिसरा बदाम पडताच बोलू लागला आहे. आता एक शेवटची शंका. रिव्हरवर बदामच्या ऐवजी चौकटची सत्ती आली असती आणि त्याने तेच २२०० लावले असते, तर काय करायचे?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

किंमत तीच, साधारण ३० टक्के. पण समोरच्या जोड्या पार बदलतात. आता बदामचे ड्रॉ फसलेले आहेत आणि त्या साधारण पंधरा जोड्यांना जिंकण्यासाठी ब्लफ हाच मुख्य मार्ग उरतो. तुमच्यापेक्षा सरस असे मुख्यतः काय आहे ते मोजा: अठ्ठ्यांच्या तिळ्याच्या तीन जोड्या, चौक्यांच्या तिळ्याच्या तीन, एकरंगी राणी-अठ्ठीच्या दोन, एकरंगी अठ्ठी-सत्तीच्या दोन, आणि छक्की-पंजीच्या चार, ज्यांचा आता स्ट्रेट झालेला आहे. एकूण चौदा, आणि तिळे घेऊन बरेच जण आधीच रेज करतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. फसलेल्या पंधरांपैकी निम्म्यांनी, म्हणजे सात जोड्यांनी जरी ब्लफ केला, तरी एकवीसपैकी सात, ३३ टक्के. कॉल करावा. विनामूल्य टेबलावर समोरचा ब्लफ फारच क्वचित करतो असे तुमच्याकडे त्याच्या आधीच्या डावांतून नोंदलेले असेल, तरच फोल्डचा विचार करावा.

त्या कॉलनंतर समोर किलवरची अठ्ठी-सत्ती निघाली तर याच डावाएवढ्या, २२००च चिप्स जातील. तो डाव मला तपासायला पाठवू नका. पुढच्या वेळी त्या जागी मी पुन्हा कॉलच करीन.